बाईसाहेबांचं नाव

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. फोन करत जा असं तू पुन्हा लिहिलंयस. अगं, या कानाला फोनवर निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानं भरतो आणि मग तू चिडतेस. पत्रच बरं. ते परत परत वाचता येतं, आणि इथे मला दुसरं वाचायला आहे काय.

बाईसाहेब रुसल्यात. तीन आठवडे झाले, झुरळाला तोंड लावलेलं नाही. काल मी मोरीतलं चांगलं गलेलठ्ठ झुरळ धरून पेटीत सोडलं, तर ते त्यांच्या पायांवरून आरामात फेरफटका मारून आलं आणि यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रंगसुद्धा उतरलाय. एवढी काळीभोर केसाळ बाई, आता जुन्या कोटासारखी विटकी दिसते. लपायच्या खापराला बुरशी आली होती म्हणून ते काढून टाकलं, माती बदलली, पाणी बदललं. तेव्हापासून एका कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसून असतात. नवीन खापर शोधतोय, पण हल्ली मातीचं भांडं मिळतंय कुठे.

दोन महिन्यांसाठी म्हणून तू हा टॅरंटुला कोळी माझ्या गळ्यात मारलास, त्याला तीन वर्षं होऊन गेली. तुमच्या संग्रहालयात जिवंत काही चालत नाही, सगळं मेलेलंच लागतं, हे मला अजून पटलेलं नाही. पहिल्या दिवशी पेटी बघून मी झोपायची खोली बदलली होती, आठवतं? आता सकाळी डोळे उघडले की आधी पेटीकडे जातो. तुझी आई गेल्यावर या घरात माझं मोठ्यानं बोलणंच बंद पडलं होतं. आता बोलतो. बाईसाहेब सगळं ऐकून घेतात, मध्ये तोंड घालत नाहीत. हा गुण तुझ्या आईत नव्हता.

तुझे साहेब नावासाठी घाई करतायत म्हणे. तीन वर्षांत तुम्हा शिकलेल्या लोकांना हिला एक नाव ठेवता आलं नाही, मी तर पहिल्याच आठवड्यात ठेवून मोकळा झालो. तू दिलेली स्पिरिटची बाटली कपाटात वरच्या फळीवर आहे. काही झालंच तर लगेच त्यात टाका, वेळ गेला तर नमुना सडतो, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. पण ते आत्ता कशाला.

सुट्टीचं पुन्हा बारगळलं ना? असू दे. तू आली नाहीस तरी तुझ्या पत्राला पाठवत जा.

बाबा

दि. २२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाईसाहेब खात नाहीत म्हणून जीव टांगणीला लावून घेऊ नका. कात टाकायच्या आधी त्या असंच करतात. रंग विटणं हेही त्याचंच. नवी कात आली की पुन्हा काळ्याभोर होतील आणि तुमची सगळी झुरळं फस्त करतील.

नावाचं नीट सांगते, म्हणजे तुम्ही साहेबांना नावं ठेवायचं थांबवाल. ही जात आजवर कुणी लिहून ठेवलेली नाही. ती नवीन आहे असं जगाला सांगायचं तर नाव एका नमुन्याला बांधावं लागतं. तो नमुना स्पिरिटमध्ये, संग्रहालयाच्या कपाटात, कायमचा. पुढे कुणालाही शंका आली की त्यानं येऊन तोच बघायचा. माझ्याकडे एक नर आहे बाटलीत, पण पूर्ण वाढलेली मादी म्हणजे फक्त तुमच्या टेबलावरची. साहेब म्हणतात, घेऊन या आणि संपवा एकदाचं. ही मादी वीस वर्षंसुद्धा जगेल, तोवर ते रिटायर होतील. मी त्यांना सांगितलं की थांबायचं. का थांबायचं ते सांगितलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि एक ठरवलंय. आमच्यात स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, ते असभ्य समजतात. पण ज्यानं त्या जिवासाठी काही केलं त्याचं नाव देतात, तो मान असतो. बाईसाहेबांचं कधी काळी नाव ठेवायची वेळ आली, तर ते तुमचं असेल. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा तुमचा, आणि तुमच्या नावाला मागे लॅटिनची छोटी शेपटी. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांची नावं पाट्यांवर रंगवलीत. एकदा तुमचं कुणीतरी लिहिलं पाहिजे.

माझं ठीक आहे. खोलीची खिडकी समोरच्या भिंतीत उघडते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पायांवरचे केस बघते आणि संध्याकाळी त्याच जिन्यानं वर येते. गेल्या रविवारी दिवसभर कुणाशी बोलले नाही. सोमवारी शिपायाला नमस्कार म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. तो घाबरला, मला सर्दी झाली असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

हाताची थरथर कशी आहे? तेल लावता का?

आशीर्वाद असू द्यात, आणि थोडे बाईसाहेबांनाही.

खारू

दि. ९ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

बाईसाहेब गेल्या.

काल दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. उठून बघतो तर पेटीच्या मधोमध उताण्या पडलेल्या, आठही पाय वर. खाली जाळ्याची पांढरी चादर अंथरलेली. जाताना स्वतःचं अंथरूण घालून गेल्या. काच वाजवली, हाक मारली. ब्रशच्या दांड्यानं हळूच हलवून पाहिलं. काही नाही.

मग तुझं वाक्य आठवलं, वेळ घालवू नका. बाटली काढली. दोन्ही हातांनी उचलल्या. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावला बघ. एवढी मोठी बाई, पण वजन म्हणून नाही. बाटलीत सोडताना एक पाय हलल्यासारखा वाटला. माझा हात हल्ली थरथरतो, त्याचंच असणार. बूच घट्ट लावलं, वर मेण ओतलं, तू सांगितलं होतंस तसंच.

लेबल मी स्वतः लिहिलं. फ्लेक्सवाले आल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. दोनदा फिसकटलं, तिसऱ्यांदा जमलं.

शेजारचे मास्तर कामासाठी तिकडे येतायत, त्यांच्या हाती बाटली देतोय. मांडीवर धरून बसा असं बजावलंय. तुझं काम अडलं होतं ते सुटलं, एवढं तरी चांगलं झालं. साहेबांना सांग, म्हातारीनं तुमच्या रिटायर होण्याची वाट बघितली नाही.

काल रडलो. कोळ्यासाठी रडणारा मी पहिलाच मूर्ख असेन. सलूनवाल्याला कळलं तर बाजारभर करेल, म्हणून तुलाच सांगतोय.

पत्र लवकर पाठव. घरात फार शांत आहे.

बाबा

दि. २० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक आणि बाबांना यातलं अक्षर सांगू नकोस.

ती मेली नव्हती. टॅरंटुला कात टाकताना उताणे होतात. जाळ्याची चादर अंथरतात, पाठीवर पडतात आणि तासन् तास हलत नाहीत. मग वरचं कवच सुटतं आणि आतून नवे ओले पाय एकेक करून बाहेर ओढतात. मेलेला टॅरंटुला उताणा नसतो, तो पाय पोटाखाली घेऊन पालथा बसलेला असतो. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि एकच वाक्य बोलले, की ही तर जिवंतपणीच बुडवलीय. पाठीवरचं कवच उचललेलं आहे, खाली नवं पांढरं अंग दिसतंय. आणखी तासाभरात ती सुटली असती.

बाबांनी लिहिलंय, सोडताना एक पाय हलल्यासारखा वाटला.

मी त्यांना लिहिलं होतं की कात टाकायची वेळ आलीय. एवढंच लिहिलं. उताण्या होतात हे लिहिलं नाही. का नाही लिहिलं विचारशील तर उत्तर इतकं फालतू आहे की सांगायची लाज वाटते. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, ते सांगावं लागतं हे डोक्यातच आलं नाही. याआधी दोनदा कात टाकली ती खापराखाली, आत. बाबांना नंतर फक्त टाकलेली सालपटं दिसली. त्यांना वाटलं असेल, सापासारखी चालता चालता टाकते.

साहेब खूश आहेत. नमुना चांगला आहे, वर्णन लिहायला घ्या म्हणाले. आणि मी काय केलं ऐक. बाबांना पत्र टाकलं की तुम्ही अगदी बरोबर केलंत, इतका सुरेख जपलेला नमुना आमच्या तज्ज्ञांनाही साधत नाही, तिचं वय झालं होतं. दोन पानं भरून शाबासकी दिली. टाकल्याबरोबर परत घ्यावंसं वाटलं, पण पोस्टाच्या पेटीतून पत्र थोडंच काढता येतं.

सांगू का त्यांना? तू सांगशील तसं करीन. तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही.

तुझी माया आटू देऊ नकोस.

खारू

दि. २ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

काही सांगू नकोस. जन्मभर नर्सचं काम केलं, कुणाला काय सांगायचं आणि काय गिळायचं हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. दादा हळवा आहे. वहिनी गेली तेव्हा औषधाला उशीर झाला असं धरून बसला, दोन वर्षं त्यातून बाहेर आला नाही. आता त्या कोळ्यापायी पुन्हा नको. गेली ती गेली.

आणि तू जेवत जा. मागच्या फोटोत खांद्याची हाडं मोजता येत होती.

पत्र फाडलंय. चुलीत नाही, गॅसवर जाळलं, बोट भाजलं. सुखी राहा आणि या म्हातारीला अधूनमधून विचारत राहा.

आत्या

दि. १८ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं शाबासकीचं पत्र सलूनवाल्यानं माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि मोठ्या आरशाला लावलंय. दाढीला बसलेला प्रत्येक जण ते वाचतो, त्याला दुसरा इलाज नसतो. 'तज्ज्ञांनाही साधत नाही' याच्याखाली त्यानं लाल रेघ मारलीय. मला आता तिथे खुर्ची रिकामी करून देतात. परवा एकानं विचारलं, तुमच्या नावाचा कोळी चावतो का. मी म्हटलं, माझ्या नावाचा आहे, तेव्हा आधी खूप बोलेल आणि मग चावणार नाही.

तुला खरं सांगतो, अशी कौतुकं ऐकायची सवय नाही. पाटी झाली की लोक पाटीवरचं नाव वाचतात, रंगवणाऱ्याकडे कोण बघतं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आता कामाचं. रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी दुसरी तशीच मादी आणून दिलीय आणि तू ती खोलीत पलंगाखाली ठेवलीयस, असं तू लिहिलं होतंस. ती माझ्याकडे दे. पलंगाखाली ठेवायची का ती वस्तू आहे? तू दिवसभर कामावर, तिच्याकडे बघणार कोण? मला सवय आहे. पेटी धुऊन उन्हात वाळवलीय, खापरही मिळालं. तुझ्या खोलीपेक्षा इथे तिला माणूस मिळेल.

मास्तरांबरोबर दिलीस तर ते आणतील. त्यांना बाटली मांडीवर धरायची सवय झालीय.

लोभ वाढव, कमी झाला तर मला कळतो.

बाबा

दि. ११ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. मादीचं सध्या जमणार नाही. ऊन फार आहे, प्रवासात ती तगायची नाही. शिवाय तिची कागदपत्रं अजून झालेली नाहीत. नंतर बघू.

आपला लेख छापून आला. प्रत सोबत पाठवलीय, नाव दुसऱ्या पानावर जाड अक्षरांत आहे. इंग्रजीत आहे, पण मास्तरांकडून वाचून घ्यायची गरज नाही, आत नुसती मापं आणि केसांची वर्णनं आहेत.

प्रकृतीला जपा.

खारू

दि. ३ जुलै

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

दादाकडे चार दिवस राहून आले. म्हटलं होतं की त्याच्या हातचा चहा पिऊन, भांडून परत यावं. भांडायला तो तयारच नाही.

टेबलावर ती काचेची पेटी आहे, रिकामी. माती आहे, खापर आहे, पाण्याचं झाकण आहे. रोज सकाळी उठून तो ते पाणी ओततो आणि नवीन भरतो. मी विचारलं, कुणासाठी रे. तर म्हणाला, सवय. सलूनमध्ये जाणं सोडलंय. मी येईपर्यंत घरात तोंडातून शब्द काढला नसावा, कारण पहिल्या दिवशी बोलताना त्याचा आवाज खरखरत होता. तुझ्या नावानं एकही तक्रार केली नाही, तेव्हाच मी समजले की काहीतरी बिनसलंय.

तिसऱ्या दिवशी बोलला. म्हणाला, पोरगी शाबासकी देते आणि दुसरी मादी देत नाही, याचा अर्थ मला कळत नाही का. माझ्या हलगर्जीनं गेली असं तिला वाटतं, फक्त तोंडावर म्हणत नाही. मग त्यानं हात पुढे केला आणि मला विचारलं, तू नर्स होतीस, बघून सांग, हा किती थरथरतो. त्या दिवशी पाय हलला होता का माझा हात? मी म्हटलं, हात. खोटं बोलले. त्याचा हात एवढा थरथरत नाही गं.

तू मला लिहिलं होतंस ते आठवतंय. दुसरी मादी द्यायची तर उताणी पडली तर हात लावू नका हे लिहावंच लागणार, आणि ते वाचलं की त्याला पहिलीचं कळणार. म्हणून तू देत नाहीस. मीच तुला गप्प बसायला सांगितलं होतं. ते चुकलं. तो आता त्या पायाचा विचार करत एकटा बसून असतो, आणि लेकीचा आपल्यावर भरवसा नाही हे वेगळंच. यापेक्षा खरं बरं.

सांगून टाक. मी सांगणार नाही, ते तुझंच काम आहे. आणि लवकर.

तुझ्याच भल्यासाठी कडक लिहिलंय, राग धरून बसू नकोस.

आत्या

दि. १२ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा.

बाईसाहेब मेल्या नव्हत्या. त्या कात टाकत होत्या. टॅरंटुला उताणे होऊन कात टाकतात आणि त्या वेळी मेल्यासारखे दिसतात. पाय हलला होता. तुमचा हात नव्हता तो.

हे मी बाटली उघडल्या दिवसापासून जाणते. साहेबही जाणतात, आणि लेखात एका ओळीत छापलंय की नमुना कात टाकण्याच्या अवस्थेत जतन केला आहे. म्हणूनच मास्तरांकडून वाचून घेऊ नका म्हटलं.

तुम्ही मी सांगितलं तेच केलंत, मी सांगितलं त्या क्रमानं केलंत. चूक माझी. त्या उताण्या होतील हे मी तुम्हाला तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाही. मला ते इतकं रोजचं आहे की सांगायचं सुचलंच नाही. आणि मग खरं लिहायचा धीर झाला नाही, म्हणून शाबासकी लिहिली. दुसरी मादी दिली नाही ती तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नाही. ती देताना हे सगळं सांगावं लागलं असतं म्हणून.

वेळ गेला तर नमुना सडतो, हे माझं वाक्य तुम्हाला पाठ होतं. बाबा, ते मला रोज आठवतं. मी तुमच्याकडे एक जिवंत बाई ठेवली आणि सूचना दिल्या त्या सगळ्या ती मेल्यावरच्या.

काय वाटेल ते लिहा. पण लिहा.

खारू

दि. २५ जुलै

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं.

म्हणजे पाय हलला होता. चार महिने मी टेबलाशी बसून माझा हात बघत होतो. भाताचं पातेलं धरून बघितलं, सुईत दोरा ओवून बघितला. बहिणीला दाखवला. तुला माहीत होतं, तुझ्या साहेबांना माहीत होतं, मला वाटतं बहिणीलाही माहीत होतं. मला नव्हतं, आणि बुडवली मी.

मारली याचं काय वाटतं ते मी तुला लिहिणार नाही. ते माझं मी बघेन. पण तू मला शाबासकी दिलीस. मी ती गावभर मिरवली. सलूनमध्ये जाऊन ते पत्र आरशावरून काढून आणलं. का काढता विचारलं, तर म्हटलं वाफेनं खराब होतंय. बिचाऱ्यानं काचेत घालून द्यायची तयारी दाखवली.

मला लहान पोरासारखं का वागवलंस? मी म्हातारा झालोय, मूर्ख नाही.

त्या लेखातलं माझं नाव काढून टाक. जिला मी बुडवली तिच्यावर माझंच नाव, हे मला बघवत नाही. माझ्याकडून पाटी चुकली तर दुसऱ्या दिवशी शिडी लावून मी ती पुसून दिलीय. तुम्हीही पुसा.

बाबा

दि. ८ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नाव पुसता येत नाही. साहेबांना विचारलं, त्यांनी नियम दाखवला. एकदा छापलं की ते कायमचं. ठेवणाऱ्याला पस्तावा झाला तरी, नाव चुकीचं वाटलं तरी, ज्याचं आहे त्याला नको असलं तरी. तुम्ही-मी नसू तेव्हाही ते असेल. मान म्हणून दिलं होतं, त्याचं हे असं झालं. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

दुसरी मादी आत्याबरोबर पाठवतेय. कागदपत्रं केव्हाच झाली होती. नको असली तर परत पाठवा. मी स्वतः यायला हवं होतं. रजाही मिळत होती. तुमच्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही, हे खरं कारण.

या वेळी सगळं लिहिते, मला कितीही साधं वाटलं तरी. खाणं सोडेल, रंग विटेल, चादर अंथरेल, उताणी होईल. मेली असंच वाटेल. तेव्हा काही करायचं नाही. पाणी घालायचं नाही, काच वाजवायची नाही, फुंकर मारायची नाही. बाहेर आल्यावर अंग पांढरं आणि मऊ असेल, तेव्हाही हात लावायचा नाही, आठवडाभर झुरळ द्यायचं नाही. स्पिरिटची बाटली मी या वेळी पाठवलेली नाही.

तुमच्या पत्राची वाट बघते. नाही आलं तरी बघेन.

खारू

दि. ३० ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

पेटी पोचल्याला बरेच दिवस झाले. कळवलं नाही, कारण कळवायचं नव्हतं. बहीण मध्ये पडायला आली, तिलाही परत पाठवली. तू तिला विचारलंस तेव्हा तिनं बाबा बरे आहेत एवढंच सांगितलं असणार, ते मीच तिला सांगायला लावलं.

दोन आठवडे मी या नवीन बाईकडे बघितलंही नाही, नुसतं झुरळ टाकायचो. हिला काही नाव ठेवलं नाही. ठेवणारही नव्हतो. मग एकदा मास्तर आले होते, त्यांच्यापुढे मी लेख टाकला आणि सगळा वाचून घेतला. ती ओळसुद्धा. मी म्हटलं, बघा, मेलेलीच्या बाटलीवर माझं नाव लावून ठेवलंय. तर ते म्हणाले, नाव बाटलीचं नसतं हो. बाटली फक्त साक्षीला. नाव त्या जातीच्या सगळ्यांचं, मेलेल्यांचं, जिवंत असलेल्यांचं, अजून जन्माला यायच्या असलेल्यांचंही. मी उठून पेटीपाशी गेलो. म्हणजे हिचंही नाव माझंच. एका घरात एकाच नावाचे दोन जण. तेव्हापासून हिच्याशी बोलायला लागलो. स्वतःच्या नावानं हाक मारताना जरा चमत्कारिक वाटतं, पण होईल सवय.

महिनाभर हिनं खाणं सोडलं होतं. आज सकाळी चादर अंथरली आणि दुपारी उताणी झाली. खापर होतं, तरी बाहेरच आली.

खुर्ची ओढून समोर बसलो. बसल्या बसल्या हे पत्र लिहितोय, म्हणजे हाताला काहीतरी काम. सुरुवातीला तुझं ऑगस्टमधलं पत्र तीनदा वाचलं. मेलीच आहे असं तीनदा वाटलं. उठलो आणि बसलो. तू काही करू नका असं लिहिलंयस, पण काही न करणं किती अवघड असतं ते लिहिलं नाहीस. तुझ्या आईच्या वेळी मी इतकी धावाधाव केली की शेवटी तिच्याजवळ बसायचं राहूनच गेलं. आज बसलोय.

आता पाठीवरचं कवच सुटलंय. बारीक फट पडून आत ओलं पांढरं दिसतंय. पाय अजून आतच आहेत, ती सगळं अंग आवळते आणि सोडते, जुन्या मोज्यातून पाय काढावा तशी. दमते, मग बराच वेळ काही नाही. मीही दमलोय. पहिलीचंही असंच चाललं होतं, आणि मी मध्येच उचलली. हे तुला लिहिणार नव्हतो, लिहिलं गेलं.

मास्तरांना हाक मारणार होतो, पण हे त्यांना दाखवावंसं वाटलं नाही. शेजारी कोणीतरी असावं असं फार वाटतंय, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण हे तुला कळतं. इतके दिवस मी तुझ्याकडे कोळी मागत होतो.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो पत्रानं जायचा नाही. इथे ये आणि समोर बसून काढ. मी ओरडेन, तू ऐकून घे, मग चहा करू.

दोन पाय बाहेर आले. सहा राहिलेत. मी काही करत नाहीये, नुसता बसलोय.

बाबा